मुकादमाची मजुरी

५ जानेवारी

ती. बाबांना भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोहोचलं. मुकादमाला कुकरची शिट्टीही कळायला लागली हे वाचून मी दुकानातच उडी मारली आणि मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. दार, कुकर आणि भरून वाहणारी बादली, तिन्ही कामं आता त्याला जमली. तुमचे कान मागांच्या खडखडाटात गेले. तुम्ही यंत्र लावणार नाही, माझ्याकडे राहायला येणार नाही, हट्ट म्हणजे हट्ट. तेव्हा त्या कुत्र्याचे कान तेच आता तुमचे कान. मी इथे इतक्या लांब निर्धास्त राहते ती त्याच्या जिवावर.

पण शिकवलेला नियम मोडू नका. त्याने नाकाने ढोसून तुम्हाला नेलं, की काम खरं आहे का ते बघायचं आणि लगेच, तिथल्या तिथे, खाऊचा एक तुकडा द्यायचा. उशिरा दिलात तर तो कशाचा मिळाला हे त्याला कळत नाही.

आणि खाऊ म्हणजे तुमची चहातली बिस्किटं नव्हेत. दुकानात रोज हेच सांगून माझा घसा बसतो. पाकिटावरचं गोंडस चित्र बघू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. पहिलं नाव मांसाचं हवं आणि कोणतं मांस ते स्पष्ट हवं. मोघम काही लिहिलं असेल तर पाकीट खाली ठेवा. साखर, मीठ, रंग नको. कांदा, द्राक्षं, चॉकलेट त्याच्यापासून लांब. आणि तुम्ही जिचं नाव सासूबाई ठेवलंय त्या मांजरीला मुकादमाच्या ताटलीतलं घालू नका. कुत्र्याच्या खाण्यावर मांजर तग धरत नाही, तिची दृष्टी जाते, काळीज कमजोर होतं. तिचं पाकीट वेगळं.

सोबत आमच्या दुकानाचा नवा खाऊ पाठवते, सुकवलेल्या कोंबडीच्या पट्ट्या. पाकिटामागचा मजकूर मी लिहिलाय. लेकीचं नाव नाही, पण लेकीचे शब्द छापून आले, एवढं शेजारी सांगायला हरकत नाही.

असाच जीव लावत राहा, ही विनंती.

तुमची,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

खाऊ मिळाला. तुझा मजकूर भिंगातून वाचला. कोंबडी, आणि दुसरं काही नाही. समोरच्या इस्त्रीवाल्या वहिनींनाही दाखवला. त्या म्हणाल्या, माणसांच्या डब्यावरसुद्धा इतकं स्वच्छ लिहिलेलं नसतं. सासूबाईंनी मात्र एकदा हुंगून पंजा झटकला आणि चालत्या झाल्या. त्यांचे नखरे मी मोजत नाही.

मुकादमाची गोष्ट वेगळी. या पट्ट्या आल्यापासून त्याला कामाचं वेडच लागलंय. टपालवाले, दूधवाले, वहिनींची इस्त्रीच्या कपड्यांची टोपली, कोणीही जिन्यात आलं की हा माझ्या मांडीला नाक लावून उभा. अधूनमधून खोटी हजेरीही लावतो. परवा दारापर्यंत नेलं, उघडलं तर चिटपाखरू नाही. मी त्याला चांगला रागावलो आणि हसू आवरेना म्हणून तरीही तुकडा दिला. मी उभा जन्म मागावर काढलाय. राबणाऱ्याची मजुरी कापणारा माणूस मला कधी बघवला नाही, आणि म्हातारपणी तो धंदा मी सुरू करणार नाही.

एक बारीकशी गोष्ट. हल्ली तो पाणी फार पितो. भांडं भरावं आणि वळावं तोवर रिकामं. बिचारा बैठकीतच ओलं करतो आणि मग कोपऱ्यात तोंड लपवतो. रोजचे दाणेही ताटलीत तसेच राहतात. वय झालं असेल का? पण सात म्हणजे काही म्हातारपण नव्हे. तू यातली जाणकार, म्हणून विचारतो.

माझी प्रकृती ठीक. गुडघा आपला मान मागत असतो. तू वेळेवर जेवत जा.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
बाबा

१७ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, दुकानात नवा माल आलाय आणि मी पोत्यांमध्ये उभी आहे. काळजी करू नका. सुका खाऊ आहे, तहान लागणारच. पाणी भरपूर ठेवा. मला वाटतं त्याने तुम्हाला बरोबर ओळखलंय. दाणे टाकले की बाबा विरघळतात आणि पट्टी मिळते, हे त्याच्या लक्षात आलंय. लाडोबा करून ठेवलात, आता भोगा.

दाणे खात नसेल तर एक युक्ती सांगते, गिऱ्हाइकांनाही हीच सांगते. पट्टी कुस्करून दाण्यांवर भुरभुरायची. वासाने खातो. म्हणून यावेळी जास्त पाकिटं पाठवतेय, हात आखडू नका.

सासूबाईंना माझा दुरूनच नमस्कार. त्यांना आवडलं नाही, तर राहिलं.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

६ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

हे पत्र हातात पडताक्षणी पट्ट्या बंद करा. एकही तुकडा देऊ नका, कुस्करूनही नाही, दाण्यांवर टाकला असेल तर ते दाणेही फेका. मुकादमाला आजच्या आज जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि मूत्रपिंडं तपासायला सांगा. आधी हे करा, मग पुढचं वाचा.

काल दुकानात एक नेहमीच्या गिऱ्हाईक आल्या, केस कापण्याचं काम करणाऱ्या बाई. त्यांची कुत्री गेली. खूप पाणी प्यायची, खाणं सोडलं आणि आठवड्यात गेली. त्या नवा पट्टा परत करायला आल्या होत्या, भांडायला नव्हे. त्यांचं बोलणं चालू असतानाच मला तुमचं पत्र आठवलं, ते मला पाठ आहे. संध्याकाळी मी इथल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडे अशी आणखी जनावरं आहेत, आणि सगळ्यांच्या घरी आमच्या पट्ट्या आहेत.

बाबा, तो माल सुट्ट्या पोत्यांतून येतो. पोत्यावर काहीही लिहिलेलं नसतं. मालकांनी तोंडी सांगितलं ते मी सुवाच्य करून पाकिटावर उतरवलं. जगाला मागचं अक्षर वाचा म्हणून सांगत फिरले, आणि ते अक्षर माझंच होतं. त्या कोंबडीवर काय मारलं होतं, कुठे वाळवली होती, मला काहीच माहीत नाही. मी विचारलंही नाही.

वहिनींचा फोन कालपासून लावतेय, बंद लागतोय. म्हणून हे जलद टपालाने. मालक म्हणतात, डॉक्टरांनी तपासायला पाठवलेल्या पट्ट्यांचा निकाल येईपर्यंत तोंड बंद ठेव. त्याआधीचं तिकीट मिळालं नाही, म्हणून मी वीस तारखेच्या गाडीने निघते आहे. तोवर त्याला सांभाळा.

भिंगरी

१२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, म्हणून फोन बंद. तुझं पत्र आलं ते मुकादमानेच सांगितलं. दोन दिवस तो अंथरुणावरून उठत नव्हता. टपालवाल्याने दार वाजवलं तेव्हा तो भिंतीला अंग घासत माझ्यापर्यंत आला आणि धोतराचं टोक ओढलं. मी सही करून पाकीट घेतलं. त्याला शाबासकी दिली, तुकडा दिला, आणि मग तुझं पत्र फोडलं.

मला तुझा राग आला. लपवत नाही. पत्र टेबलावर आपटलं आणि तुझ्या नावाने काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग मुकादमाला ढकलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, सलाईन लावलं. निकाल कागदावर लिहून माझ्यापुढे धरला, कारण ओरडून सांगण्यासारखा तो नव्हता. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. थोडे दिवस आहेत. उरलेल्या पट्ट्या त्यांनी तपासणीसाठी नेल्या. खायला एक मऊ लगदा दिलाय, तो चमच्याने जिभेला लावावा लागतो.

खरं दुखणं वेगळंच आहे. काल त्याला जरा बरं वाटलं. उठला, मला ढोसलं आणि दारापाशी नेलं. दारात कोणी नव्हतं. मी हात रिकामेच ठेवले. मग त्याने मला गॅसपाशी नेलं. गॅस बंद होता. तिथून मोरीत, बादलीपाशी. बादली कोरडी. पुन्हा दार. अशा फेऱ्या मारत राहिला, आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायचा. मजुरी का बंद झाली ते त्याला कळत नाहीये. आपलंच कामात काही चुकतंय असं त्याला वाटतंय. मी त्याला कसं समजावू? मी खाली बसलो आणि त्याच्या मानेत तोंड घालून रडलो. तुझी आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

वीस तारखेला तू निघू नकोस. हे रागाने लिहीत नाही. तू गल्ल्यापाशी उभी राहून कितीतरी लोकांच्या हातात ती पाकिटं दिलीस. आजही कोणीतरी तुझं अक्षर वाचून, तुझ्यावर विश्वास ठेवून, तुकडा पुढे करत असेल. आमच्याकडे जे व्हायचं ते झालं. तू आधी त्यांच्या दारात जा. मालक काय म्हणतात ते मला सांगू नकोस.

बाबा

१९ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी गिऱ्हाइकांच्या घरोघर सांगायला निघाले. दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकांना माल घरपोच जातो, त्यामुळे बहुतेकांची घरं मला माहीत आहेत. मालकांनी दुकानाच्या पायरीवरच सांगितलं, की गेलीस तर परत येऊ नकोस. मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

दारं उघडतात, ओळखीचं हसतात, नवीन काय आणलंस विचारतात. मग मी सांगते. एका गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच दार लावून घेतलं. एका पेन्शनर बाईंच्या कुत्र्याने तेव्हाच पट्टी तोंडात धरली होती. त्यांनी तिथल्या तिथे बोटं घालून ती काढली. तो अजून धडधाकट आहे, डॉक्टरांकडून तपासून घेतलं. एका घरी मी बोलायच्या आधीच रिकामी ताटली पालथी घातलेली दिसली. तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं, बाबा. पेला मी तसाच ठेवून निघाले. अजून काही घरं राहिलीत.

तुमच्या पत्रातल्या त्या फेऱ्या मी डोळ्यांपुढून हलवू शकत नाही. शिकवलं मीच ना त्याला, काम खरं तर मजुरी खरी. माझ्या वतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवा. त्याचं काही चुकलं नाही, हे त्याला कसंही करून कळू द्या.

क्षमा मागत नाही. मागायची लाज वाटते.

तुमची,
भिंगरी

२७ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

काल मुकादम गेला.

परवापासून लगदाही उतरत नव्हता, पाणी पाजलं तरी उलटून पडायचं. दुखण्याने कण्हत असावा. मला ऐकू येत नव्हतं, पण हात ठेवला की छातीतली थरथर कळायची. डॉक्टरीणबाई आल्या, बघितलं आणि त्याला सुईने कायमचं झोपवू का, असं कागदावर लिहून विचारलं. मी होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, दुपारी सुई घेऊन येते म्हणाल्या.

दुपारी मी त्याच्याशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून बसलो होतो. दार उघडं ठेवायला हवं होतं, ते डोक्यातच आलं नाही. त्याचं डोकं माझ्या पायाशी होतं. दिवसभर त्याने पापणी हलवली नव्हती. एकाएकी त्याने मान उचलली आणि नाक माझ्या पावलावर टेकवलं. मला वाटलं, पाणी मागतोय. वाटी पुढे केली, प्यायला नाही. पुन्हा नाक लावलं, जरा जोराने, आणि दाराकडे बघत राहिला. मी उठून दार उघडलं. डॉक्टरीणबाई जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या होत्या. त्या म्हणाल्या, केव्हाची वाजवतेय, घरी नाहीत समजून निघाले होते.

त्याने सांगितलं नसतं तर त्या परत गेल्या असत्या.

मी त्यांना हाताने थांबवलं आणि आधी त्याच्याकडे गेलो. त्याचं तोंड ओंजळीत धरलं आणि सांगितलं, की बरोबर होतं, दारात माणूस होतं, काम चोख झालं. द्यायला हातात काही नव्हतं. त्याने माझी रिकामी बोटं चाटली आणि शेपूट एकदा जमिनीवर आपटली. त्याला कळलं, भिंगरे. मी शपथेवर सांगतो, त्याला कळलं. मग बाईंना आत घेतलं. फार वेळ लागला नाही.

तुझ्यावरचा राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. थोडा आहे, राहील. पण तू दारोदार गेलीस हे वाचून मी ते पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवलंय, आणि ते तिथेच असतं. राहिलेली घरं पुरी कर. मग इकडे ये, चांगली राहायला ये. घर फार मोठं वाटायला लागलंय, आणि सासूबाई दिवसभर त्याच्या अंथरुणावर बसून असतात, मला जवळ येऊ देत नाहीत.

येशील तेव्हा दार वाजवू नकोस. मला कळणार नाही. मी नुसतं लोटून ठेवत जाईन, तू सरळ आत ये.

तुझा,
बाबा