खुर्च्यांचा दवाखाना

४ फेब्रुवारी

बाबा वेताच्या खुर्च्यांचं दुकान सोडताहेत! ताईचा फोन आला तेव्हा मी चादरींच्या घड्या घालत होतो. शेजारचा टायरवाला कधीचा डोळा ठेवून आहे, त्याला महिनाअखेर जागा देणार म्हणे.

"गिऱ्हाईक फिरकत नाही रे. तरी रोज सकाळी बादलीत वेत भिजत घालतात आणि संध्याकाळी तसाच बाहेर काढून वाळवतात."

भिजवल्याशिवाय वेत वळत नाही, मोडतो. पण काम नसताना भिजवायचा?

म्हटलं, बाबांना दे. मागून बाबांचा आवाज ऐकू आला — "कुठं आहे आता? तिथंच का अजून, का तेही सोडलं?" फोन काही घेतला नाही.

५ फेब्रुवारी

मी आधी बेकरीत होतो, मग गाड्या धुतल्या, आता ही हॉटेलची लाँड्री. पायाला भिंगरी. बाबांचं ठरलेलं वाक्य — "खुर्च्यांच्या घरात जन्मला आणि बूड टेकेल तर शपथ!"

खरंय. पण मी फिरत होतो ते दुकान तिथंच आहे हे धरून. खिळ्यांना टांगलेल्या बिनबुडाच्या खुर्च्या, त्यात मी अर्धी विणून सोडलेली एक. ताई म्हणते ती अजून टांगलेलीच आहे, बाबा कुणाला हात लावू देत नाहीत. तिथं टायर? छे!

८ फेब्रुवारी

खोलीतल्या ढापण्याला सगळं सांगितलं. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून ढापण्या. हॉटेलच्या हिशेबखात्यात आहे, स्वतःचा लॅपटॉप आहे, त्यामुळे बोलायला फटकळ.

"वेबसाईट कर."

"मी? आठवी नापास!"

"मग जमेल. तयार टेम्प्लेट असतात. तयार शर्ट आणतोस ना दुकानातून? बटणं काय तू लावतोस? चित्र बदलायचं, अक्षरं बदलायची, झालं."

तो कामावर असेल तेव्हा लॅपटॉप माझा. अट एकच — जवळ चहा ठेवायचा नाही.

१० फेब्रुवारी

सुट्टी. दिवसभर टेम्प्लेट बघितली. हजारो! केक, लग्न, जिम, कुत्र्यांची आंघोळ. फुकटातलं एक सापडलं आणि ओरडलोच — पहिल्याच पानावर ही एवढी मोठी खुर्ची! चामड्याची, मागं रेलणारी, पाय ठेवायला जागा. खुर्च्यांचंच टेम्प्लेट! भाषा मराठी केली तर बरंच काही आपोआप मराठीत आलं.

बाकीची पानं उघडून वाचतोय कशाला? कामाला लागलो.

१४ फेब्रुवारी

मजा येते आहे! अक्षरावर दोनदा टिचकी मारली की खोडता येतं. "आमच्याविषयी" मध्ये लिहिलं — आम्ही वेताच्या खुर्च्या विणतो आणि जुन्या दुरुस्त करतो. बाबांनी विणलेली खुर्ची आजवर कुणाच्या खाली बसली नाही. (एकदा बसली होती. पण तो माणूसच तसा होता.)

ताईनं दुकानातले फोटो पाठवले. बाबा वर बघायलाच तयार नाहीत, त्यामुळे त्यांचा फोटो म्हणजे टक्कल आणि दोन हात. हात मात्र झकास आलेत.

तीन तास एका जागी बसून होतो. मी! लाँड्रीतल्या मुकादमाला सांगितलं तर खोटं वाटेल.

१६ फेब्रुवारी

ढापण्या आज माझ्या मागं उभा राहिला. बघत राहिला. मग खाटेवर पालथा पडून हसला. चष्मा पडला तरी हसतोय.

"अरे शहाण्या, ही दाताच्या डॉक्टरची खुर्ची आहे!"

पुन्हा बघितलं. वर दिवा आहे. बाजूला चूळ भरायचं भांडं आहे. मी त्याला कुंडी समजलो होतो.

आधी वाटलं लॅपटॉप भिंतीवर फेकावा. पण तो माझा नाही.

१७ फेब्रुवारी

दुसरं टेम्प्लेट घ्यायचं तर सगळं पुन्हा. महिनाअखेर तोंडावर आलीय. ढापण्या बसला मदतीला. मोठी खुर्ची काढून बाबांचे हात लावले. पण खालचा भेटीचा फॉर्म बदलता येईना. फुकटात तो असाच मिळतो, बदलायचा तर पैसे भरा. त्यात लिहिलंय — रुग्णाचं नाव. वय. काय त्रास आहे. कधीपासून. कोणते डॉक्टर हवेत.

आणि डॉक्टरांच्या फोटोच्या चौकटी दोन. पहिलीत बाबा बसवले. एक उडवली की दुसरी पानभर पसरते आणि बाबांचं टक्कल चंद्राएवढं होतं. दोन ठेवाव्याच लागतात. दुसरीत पांढऱ्या कोटातला कुणीतरी हसतोय, दात दाखवत.

ढापण्या म्हणाला, "लाँड्रीत तूही पांढरा कोटच घालतोस की."

माझा फोटो टाकला. बाबांच्या खाली लिहिलं "वडील". माझ्या खाली "मुलगा (सध्या बाहेरगावी)". हसायला आलं, पण ठेवलं तसंच. साईट चालू! ताईला दुवा पाठवला, म्हटलं गावभर पाठव.

१८ फेब्रुवारी

काही नाही.

१९ फेब्रुवारी

काही नाही. टायरवाला जागा मोजून गेला. ताई म्हणते, दारातच टायर रचणार आहे.

२१ फेब्रुवारी

आला! पहिला रुग्ण!! इस्त्री मशीनपाशी उभा राहून वाचलं —

रुग्णाचं नाव: आमच्या आजोबांची डुलती खुर्ची. वय: आजोबांपेक्षा मोठी. त्रास: बसलं की कण्हते. कधीपासून: मामी बसून गेल्यापासून.

मुकादम ओरडला, चादर करपतेय! करपू दे.

ताईनं बाबांना वाचून दाखवलं. म्हणे हसले नाहीत, फक्त चष्मा पुसला आणि म्हणाले, "मामीला बोलवू नका म्हणावं. खुर्ची आणा."

२४ फेब्रुवारी

लोकांना वेड लागलंय! तो फॉर्मच एकमेकांना दाखवताहेत. शाळेतल्या बाईंनी त्यांच्या खुर्चीच्या त्रासात लिहिलंय — "मुलांचे पेपर तपासून पाठ गेली." एकानं खुर्चीचं वय "सांगत नाही" लिहिलं. दुकानात रांग आहे म्हणे, आणि बाबा एकेक खुर्ची उलटी करून विचारतात, "काय होतंय?" बाबा! जे माणसांनाही असं विचारत नाहीत!

मी चूक केली म्हणून जमलं हे. नीट केलं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं.

२७ फेब्रुवारी

टायरवाल्याला बाबांनी चहा पाजला आणि परत पाठवला. "सध्या पेशंट आहेत," म्हणाले!

उड्या मारल्या. ढापण्याला मिठी मारली तर म्हणतो, "चष्मा, चष्मा!"

५ मार्च

ताईचा आवाज पडलेला. खुर्च्या पायरीपर्यंत आल्यात, पण विणणारा एकच. बाबांची बोटं संध्याकाळी मिटत नाहीत, कोमट पाण्यात बुडवून बसतात. लोक विचारतात कधी मिळेल, बाबा चिडतात. टायरवाला पुन्हा डोकावून गेला — "झेपत नसेल तर सांगा काका."

म्हणजे दुकान काम नव्हतं तेव्हा जाणार होतं, आता काम आहे म्हणून जाणार!

फॉर्म बंद करू का, विचारलं. ताई म्हणाली, "बाबा नको म्हणतात. आणि ऐक, लोक दुसरे डॉक्टर कधी येणार विचारतात. मी सांगते, रजेवर आहेत."

"बाबा काय सांगतात?"

"खिळ्यावरच्या तुझ्या खुर्चीकडे बघतात."

८ मार्च

मुकादमानं मला वाफेच्या मशीनवर कायम करतो म्हटलं. वर्षभर सोडायचं नाही, एवढंच. नेहमीसारखे पाय वळवळले. पण या वेळी कुठं जायचं ते त्यांना माहीत होतं.

म्हटलं, सांगतो. आपण होऊन जावं तर बाबा म्हणणार, आला भिंगरीवाला, उद्या निघेल. त्यांनी बोलावल्याशिवाय नाही जाणार. आणि ते बोलावणार नाहीत. दोघं एकाच वेताचे.

११ मार्च

सकाळी फॉर्म आला. ताईला विचारलं, तू भरलास? ती म्हणाली, "मी नाही. बाबा फोन मागून घेऊन मागच्या दारी बसले होते, बराच वेळ. एका बोटानं काहीतरी चाललं होतं."

रुग्णाचं नाव: खिळ्यावरची खुर्ची
वय: तुला माहीत
त्रास: अर्धीच विणली आहे
कधीपासून: तू गेल्यापासून
डॉक्टर: मुलगा

खाली दोन बटणं असतात, "नाकारा" आणि "मान्य".

मान्य दाबलं. मुकादमाला सांगायला निघालोय.