वारंवार सैल होणारी रॅम

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून तू दचकशील, पण फोनवर बोलायची सोय नाही. बाबा शेजारीच कान टवकारून बसतात. आई शंकासुर आहे, असं तुम्ही बापलेक म्हणताच. निदान एवढ्या बाबतीत तरी तुमचं एकमत आहे.

तू पाठवलेली नवी रॅम यांनी बसवली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. पंखा फिरायचा, आतून पीं पीं व्हायचं, स्क्रीन मात्र काळाच. घरांचे नकाशे आत अडकलेले आणि गिऱ्हाईक दारात. शेवटी नाइलाजाने यांनी तुला फोन लावला. तू यांचं ऑफिस सोडून नोकरी धरलीस, तेव्हापासून 'आईला दे' आणि 'घे, तुझा आहे' एवढंच तुमचं बोलणं. त्या दिवशी मात्र तासभर बोललात. रॅमची पट्टी खाचेत पुरती दाबली गेली नव्हती, इतकंच निघालं. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच आठवड्यात कॉम्प्युटर पुन्हा बंद. मग पुन्हा. दर वेळी तुला फोन आणि दर वेळी पट्टीच सैल. आधी वाटलं, तुझ्या गळ्यात कुणीतरी जुना माल मारला. मग उंदरांवर संशय गेला. टेबलामागे पिंजरा लावला आणि त्यात माझंच बोट सापडलं. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, बसवलेली रॅम आपोआप सैल होत नसते, काकू. तेव्हा माझं डोकं चालायला लागलं. साध्या डब्याचं झाकणही तुझे बाबा असं आवळतात की मला उघडत नाही, आणि कॉम्प्युटरचे स्क्रू नुसत्या बोटाने फिरत होते.

मग एका दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं. यांनी झाकण काढलं, पट्टी अंगठ्याने अर्धवट उचकटली, झाकण परत लावलं, बटण दाबून पीं पीं ऐकून खात्री केली. मग केस विंचरले आणि तुला फोन लावला. फोनसाठी केस विंचरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

चोर सापडला म्हणून खूश होते, तोवर फोनच्या स्पीकरवरून तुझं बोलणं कानावर आलं. तू दिवसभर ऑफिसात हीच कामं करतोस. तरी यांना आधी प्लग बघायला लावलास, मग स्क्रीनची वायर, मग कसलीशी बॅटरी. मध्येच यांचा गुडघा कसा आहे, जिन्याचं ड्रॉइंग झालं का, याची चौकशी. आणि रॅम तुला आठवली अगदी शेवटी. म्हणजे हे चोर आणि तू चोरावर मोर. मला राग यायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता का लिहिते ते सांगते. काढून-घालून काल खाचेची क्लिप तुटली. कॉम्प्युटरवाल्याने पट्टी कशीबशी पक्की केली आणि पुन्हा हात लावलात तर बोर्ड जाईल, अशी तंबी दिली. तेव्हापासून हे धड जेवत नाहीत. दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला. नुसतं 'कसा आहेस' विचारायला यांची जीभ रेटत नाही, आणि तूही यांच्याच वळणावर गेला आहेस. तेव्हा रविवारी घरी ये. कॉम्प्युटर ठणठणीत चालतोय. तरी ये.

तुझीच,
आई