एक पाकीट, एक माणूस

३ फेब्रुवारी, सोमवार
डोरीनच्या गाठीचा रिपोर्ट पुढच्या गुरुवारी, तेराला. विनिपेगला जायचं, डॉक्टरीणबाई समोर बसवून सांगणार. वाईट काही असतं तर एव्हाना बोलावलं असतं. हा विचार काल रात्रभर केला आणि दर वेळी पटला. मला काळजी अजिबात नाही. फक्त झोप लागत नाही. ते नव्या उशीमुळे.

डोरीन माझ्या शेजारी पडल्या पडल्या घोरायला लागते. घरात एकाने तरी खंबीर राहायला हवं, आणि खंबीर माणसाला झोप हवी. म्हणून ठरवलं, गांजा. कॅनडात त्याची सरकारमान्य दुकानं निघून बरीच वर्षं झाली. माझी उभी हयात कस्टमच्या नोकरीत, सरहद्दीच्या नाक्यावर लोकांच्या गाड्यांतून तोच हुडकण्यात गेली. या विषयात माझ्याइतका जाणकार पंचक्रोशीत नसेल.

४ फेब्रुवारी
तरी एक मत घेतलेलं बरं. शेजारचा नेस्टर गोठलेल्या तळ्यावर खोपटं टाकून, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतो. तो तरुणपणापासून ओढतो. त्याला आपलं सहज विचारलं, म्हटलं नवख्याने काय घ्यावं. तो इतका हसला की गळ सुटला. म्हणाला, "साहेब, माझ्या गाडीच्या सीटा उसवल्या होत्यास तू. आता शिकवणी माझ्याकडे?"

मग खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून देऊ लागला. नको म्हटलं. बिनशिक्क्याचा माल मी घेत नाही. तो पुडी खिशात ठेवून डोरीनचं काय कळलं म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, भोकावर बर्फ धरतोय, आधी तो फोड.

५ फेब्रुवारी
दुकानात गेलो. म्हणजे दुकानापर्यंत गेलो. आपल्या गावातलं नव्हे, पलीकडच्या गावातलं; इथे सगळं चर्च ओळखतं. काचा दुधी, आतलं काही दिसत नाही. कायद्यानेच तसं आहे, मला ठाऊक आहे, तरी बरं वाटेना. गाडीत बसून राहिलो. तळहात ओले. हीटर फार होता. पार्किंगही अडचणीचं होतं, म्हणून परत आलो.

रात्री झोप नाही. उशी बदलली.

६ फेब्रुवारी
आज आत गेलो.

काउंटरवर ब्रिन नावाची मुलगी, नाकात रिंग. माझे पांढरे केस दिसत असूनही ओळखपत्र मागितलं. शाबास. नंतर मात्र पंचाईत झाली. जन्मभर मी खिडकीतून वाकून विचारत आलो, काय आणलंत, कुणासाठी, कशाला. आज ती विचारत होती. मी म्हटलं, मित्रासाठी हवंय. माझ्या नाक्यावर प्रत्येक लबाड माणसाने हेच सांगितलेलं आहे. आवाजसुद्धा तसाच निघाला.

तिने सुका पाला दाखवला, वळलेल्या विड्या, थेंबांचं तेल, कॅनमधलं पेय, चघळायच्या गोळ्या. एका घटकाने नशा चढते, दुसऱ्याने चढत नाही, दोन्ही एकत्रही मिळतात. मी मान डोलावत राहिलो. छाती इतकी धडधडत होती की अर्धं ऐकूच आलं नाही. शेवटी ती हळूच म्हणाली, "सर, तुमच्या मित्राला नेमकं काय व्हायला हवंय?"

मी म्हटलं, काहीच व्हायला नको आहे. त्याला काहीच व्हायला नको आहे.

तिने गोळ्यांचं पाकीट काढलं. आत चार. पहिल्या दिवशी एकच घ्यायची, दोन तास थांबायचं, काही वाटलं नाही तरी दुसरी घ्यायची नाही, असं तिने दोनदा बजावलं. पोर चांगली आहे, पण नवशिकी.

८ फेब्रुवारी, शनिवार
पाकीट गॅरेजमध्ये लपवलं. मुलांना उघडता येऊ नये अशी त्याची बांधणी आहे. मलाही येईना. पक्कड लावली.

मग लेबल नीट वाचलं. एका गोळीत नशेचा घटक अडीच मिलिग्रॅम, पाकिटात मिळून दहा. आणि कायद्याने एका पाकिटात दहाच्या वर घालताच येत नाही. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाक्यावर दारूची मर्यादा माणशी ठरलेली असते. तेवढी खुशाल आणावी, कुणी हटकत नाही. मर्यादा माणूस बघूनच घालतात. म्हणजे हिशेब सरळ आहे, एक पाकीट, एक माणूस. ब्रिनला हे कुणी शिकवलेलं नसणार.

तरी घेतली नाही. हृदय बंद पडलं तर गुरुवारी डोरीनला घेऊन कोण जाणार?

१० फेब्रुवारी
झोप नाही. डोरीनने न्याहारीला विचारलं, तू ठीक आहेस ना, ऑरेस्ट? म्हटलं उशी. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, मला थोडी धाकधूक वाटते रे. मी लगेच म्हटलं, काही नसणार, अंडी गार होताहेत. धीर द्यायला मला जमतं.

उद्या गोळीची चाचणी. डोरीन उद्या चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पेरोगीच्या करंज्या भरायला जाणार, संध्याकाळपर्यंत घर मोकळं. दिवसाउजेडी करून बघायची, म्हणजे बुधवारी रात्री बिनधास्त घेऊन गाढ झोपता येईल आणि गुरुवारी गाडी मीच चालवीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ
डोरीन गेली. एक गोळी घेतली. चव आंबट.

काही नाही.

अजून काही नाही. सरकारी माल. उरलेल्या तिन्ही घेतल्या. मर्यादेतच आहे.

अकराच्या सुमारास
फोन आला. डॉक्टरीणबाईंची आजची एक वेळ रिकामी झाली आहे, तीन वाजता या. डोरीनशी त्यांचं बोलणं झालंय, ती मला घ्यायला निघाली आहे.

आज नको. आज कसं?

नंतर
फ्रिज फार मोठ्याने बोलतोय. हात माझेच आहेत, पण लांब आहेत. पाणी प्यायलो. पाणी प्यायलो का? मरणार बहुतेक. आधी मी. बरं झालं. नाही, बरं नाही, तिला कोण नेणार.

आरशात पाहिलं. अशा डोळ्यांच्या माणसाला मी गाडीतून उतरवलं असतं. डोरीन आली. किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ
दहा तास झोपलो. डोकं जड. आठवतं तसं लिहितो.

गाडी डोरीनने चालवली, बर्फातून. ती काही विचारत नसताना मी सगळं कबूल करून टाकलं. गोळ्या, गॅरेज, नाकात रिंग असलेली मुलगी. ती एवढंच म्हणाली, पट्टा लाव.

दवाखान्यात भिंती जवळ येत होत्या. मी खुर्ची घट्ट धरून बसलो. डॉक्टरीणबाई आत आल्या आणि मी नाक्यावर गाडीवाल्यांना विचारायचो तसं दरडावून विचारलं, "जाहीर करण्यासारखं काही आहे?" डोरीनने माझा हात दाबला. बाई म्हणाल्या, हो, आहे. कॅन्सर आहे. लहान आहे, वेळेवर सापडलाय, मार्चमध्ये ऑपरेशन.

बाईंचं हे बोलणं मला आठवत नाही. डोरीनने सांगितलं म्हणून लिहितो. तिने ते मला येताना गाडीत सांगितलं. मी ऐकायचो, रडायचो आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचो, काय म्हणाल्या गं बाई? ती पुन्हा सांगायची. कॅन्सर आहे, लहान आहे, मार्चमध्ये. पेट्रोल पंपापाशी तिला रडू फुटलं, तरी तिने सांगितलं. मग मी परत विचारलं.

घरी आल्यावर मी पडलो तो मेल्यासारखा झोपलो.

सकाळी स्वयंपाकघरात आलो तर ती टेबलाशी बसलेली, कालचेच कपडे, हाताला पेरोगीचं पीठ वाळलेलं. म्हटलं, झोपली नाहीस? म्हणाली, "सात-आठ हाका मारल्या तुला. नुसता शेजारी जागा राहिला असतास तरी चाललं असतं."

मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. हे तिला सांगायला तोंड उघडलं, तर ती बसल्या जागी टेबलावर डोकं टेकून झोपली होती.

तिच्या अंगावर कोट घातला. समोर बसलोय. आता मी टक्क जागा आहे, आणि तिला त्याचा काही उपयोग नाही.