भट्टी केयूरची, विहीर पुतळाबाईंची

मी, मीनाक्षी मुकुंद पाठक, वय ७४, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीत आणि दुसरा चहा झाल्यावर लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. तेव्हा मी मुलावर चिडले होते.

१. सिडकोतलं घर व ठेवी मुलगी सावनी हिला.

२. फुलंब्रीजवळचं गवती चहाचं शेत आणि पातीचं तेल काढायची भट्टी मुलगा केयूर याला. शहर बांधापर्यंत आलंय, तरी प्लॉट पाडू नयेत. साबणवाले तेलाला भाव देतात म्हणून त्याला आणखी दोन भट्ट्या हव्यात. अरे बाळा, वाफ थंड करायला पाणी लागतं! गेल्या उन्हाळ्यात तू विहिरीचा तळ दाखवलास आणि शेजारच्या शेळ्या कोरड्या हौदाशी ओरडत उभ्या राहिल्या. मला फार लाज वाटली. जळण म्हणून पातीचा वाळलेला चोथाच वापरावा. बाभळीला हात लावलास तर याद राख.

३. दीर विश्वजित यांना माझी जुनी छत्री. रसायन घालून जास्त तेल काढा आणि उरलेलं ओढ्यात सोडा, असा सल्ला देणाऱ्याला तीही जास्तच झाली.

४. विहीर, भोवतालच्या दोन गुंठ्यांसह, शेजारच्या शेळीपालक पुतळाबाई कडूबा शिंगाडे यांना. केयूरने पाणी त्यांना विचारूनच घ्यावं. मागच्या एका दुष्काळात त्यांच्या शेळ्यांनी माझी उभी पात फस्त केली. मी बांधावरून नाही नाही ते बोलले. त्या म्हणाल्या, "बाई, पात परत फुटंल. शेळी मेली तर फुटंल का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध धाडलं. चहा केला, तर गवती चहा न घालताच त्याचा वास! एकटीच हसत सुटले. तेव्हापासून आमची मैत्री आहे.

साक्षीला पुतळाबाईच आल्या होत्या. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष नको, असं वकील म्हणाले आणि गुपित फुटलं.

"म्हंजे ह्यो मला इचारून भट्टी पेटवणार व्हय?"

"मावशी, एक तरी पेटवू द्या," केयूर म्हणाला.

"आधी शेळ्यांचा हौद भर. मंग बघू."

मी अजून धडधाकट आहे, आणि पोरगा हौद भरायला गेलासुद्धा. म्हणजे मृत्युपत्र चालतंय. सही करते.

मीनाक्षी मु. पाठक

साक्षीदार: १. सत्यशीला हनुमान गाडेकर २. फकिरा लक्ष्मण जाधव

ठिकाण: विहिरीचा कठडा, फुलंब्री
दिनांक: १२ मे २०२४