मोठ्या आवाजाचा माणूस

बाबा, त्या चिठ्ठीबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी ते सांगायचं राहूनच गेलंय. योकोहामात होतो तेव्हा शाळेचा क्रीडादिन म्हणजे आपल्याकडे घरचंच कार्य. तीन आठवडे आमच्या कवायती चालायच्या, आणि त्या दिवशी मैदानाच्या कडेला ताडपत्री अंथरायला जागा मिळावी म्हणून तुम्ही भल्या सकाळी गेटपाशी रांगेत. बाकीचे पालक शिस्तीत टाळ्या वाजवायचे; तुमचं "पळ गं पळ!" आख्ख्या मैदानाला ऐकू जायचं. तेव्हा मला त्याचा केवढा तोरा होता! मग आपण हॅमिल्टनला आलो. भाषा विसरायला नको म्हणून दर शनिवारी तुम्ही मला टोरांटोच्या जपानी शाळेत नेत राहिलात. तिथेही तोच क्रीडादिन, त्याच लाल-पांढऱ्या टोप्या, जेवायला तीच ताडपत्री. फक्त मी अकरा वर्षांची झाले होते आणि तुमचा आवाज मला सहन होईनासा झाला होता.

चिठ्ठ्यांची शर्यत आठवते? मैदानाच्या मध्यावर चिठ्ठी उचलायची, तीत लिहिलेला माणूस प्रेक्षकांतून शोधायचा आणि त्याचा हात धरून रेषेपर्यंत पळायचं. माझ्या चिठ्ठीत होतं, मोठ्या आवाजाचा माणूस. मी ती वाचतेय आणि तुम्ही ओरडताय, "अगं, बघत काय बसलीस? कमॉन, पळ!" मी आपल्या ताडपत्रीकडे येते, तुम्ही अर्धे उठलेलेही असता, आणि मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या वडिलांचा हात धरते. ते बिचारे चष्मेवाले, कुजबुजल्यासारखे बोलणारे. रेषेवर बाईंनी चिठ्ठी वाचली, त्यांच्याकडे पाहिलं, मग लांबवर ओरडणाऱ्या तुमच्याकडे, मग माझ्याकडे. आणि आम्हाला पुढे सोडलं. ती नजर आठवली की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

डबा उघडताना तुम्ही विचारलंत, "काय निघालं होतं गं?"

"ग्लासेस," मी म्हटलं. "पर्सन विथ ग्लासेस."

"हात्तिच्या! मग बरोबर. मला कुठे चष्मा?" आणि तुम्ही एवढ्यांदा हसलात की मी मान खाली घातली.

पुढच्या वर्षी ताडपत्रीवर बसल्या बसल्या तुम्ही खिशातून चष्मा काढलात. फार्मसीतून आणलेला, वाचायचा. "यंदा निघू दे चिठ्ठी," म्हणालात, "बाप रेडी आहे." माझ्या वर्गाला आता ती शर्यत नव्हती, रिले होती. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा त्या चिठ्ठीचा विषय निघाला असता. दिवसभर तुम्ही तो नाकावरून काढला नाहीत. त्यातून लांबचं काही धड दिसत नसणार. मी रिलेत पळाले तेव्हा तुम्ही उभे राहून, बेंबीच्या देठापासून, भलत्याच मुलीला "शाब्बास बेटा, शाब्बास!" करत होतात.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाहीये, म्हणून लिहून टाकते. तेव्हा मला तुमचं वाईट वाटलं नाही, बाबा. तो आवाज एकदाचा माझ्या मागे नव्हता, म्हणून हायसं वाटलं.