बलांगा रश्मीला, अनिशला नव्हे

मी, जयंती चारुदत्त सबनीस, वय एकोणसत्तर, राहणार एटोबिको, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी भरीस न घालता लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोकं शाबूत आहे. याआधी लिहिलेलं सर्व रद्द.

१. घर व बँकेतली शिल्लक मुलगा अनिश व मुलगी चैत्राली यांना समसमान. सर्व व्यवस्था चैत्रालीने पाहावी.

२. माझी मातीची भांडी. वडील मलेशियात, इपोहला डॉक्टर होते. मी तिथल्याच कॉन्व्हेंटात शिकले. शेजारच्या नोरायनीमावशींनी लग्नात मला कालवणासाठी गोल बुडाचा बलांगा दिला, आणि पाण्याचे दोन लाबू. भोपळ्याच्या घाटाचे, भाताच्या तुसात काळे केलेले. सिस्टर्सनी मला काट्याने जेवायला शिकवलं, मावशींनी मातीत मासे शिजवायला. शोकेसमधलं भांडं म्हणजे उपाशी भांडं, असं त्या म्हणत.

३. म्हणून बलांगा सून रश्मी हिला, अनिशला नव्हे. तो म्हणतो, "आई, इट्स अँटिक, जस्ट डिस्प्ले कर ना." लग्नानंतर रश्मीने तो डिशवॉशरमध्ये घातला होता. माती साबण पिते. कालवणाला फेस आला. मी म्हणाले, "आता हेच जेवा." ती रडली नाही. तांदळाच्या धुवणात बलांगा उकळत राहिली, आणि एका रविवारी म्हणाली, "आई, आता वास घेऊन बघा." साबणाचा नाही, जुन्या कालवणातल्या चिंचेचा वास होता. माझा राग मी इथे सोडते. गॅसची शेगडीही तिलाच. त्यांच्या काचेच्या स्टोव्हवर गोल बूड बसत नाही.

४. धाकटा लाबू माझे यजमान नोव्हेंबरात भरून डेकवर विसरले. पाणी गार ठेवणारं भांडं, बर्फाने तडकलं. त्यांनी तो ग्लूने जोडला आणि जाईपर्यंत हळहळत राहिले. तो अनिशला. त्याने खुशाल डिस्प्ले करावा.

५. थोरला लाबू चैत्रालीला, विनिपेगला. घरातच ठेवावा, रोज भरावा. माझ्या अस्थी त्यात ठेवू नयेत. ते पिण्याच्या पाण्याचं भांडं आहे.

६. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून मैत्रीण शुभदाला लोणच्याच्या बरण्या आजच दिल्या. "मला बलांगा हवा होता गं," ती म्हणाली. "मग सही करू नकोस." ती पेन उघडून बसली आहे.

७. तेराव्याचं गोडधोड झालं की दुसऱ्या दिवशी रश्मीने बलांग्यात मासे शिजवावेत, अनिशने पोटभर जेवावं. वापरताना बलांगा फुटला, तर तिला कोणी बोलू नये. खापऱ्या तुळशीच्या कुंडीत तळाशी घालाव्यात. तिथे त्या पाणी निचरायच्या कामी येतील.

सही: जयंती चा. सबनीस
साक्षीदार, आमच्या समक्ष: शुभदा गुप्ते, शंतनु देशमाने
एटोबिको, ९ नोव्हेंबर २०२४