कापलेली नऊ मिनिटं

प्रिय पाचमिनिटे,

एकतीस वर्षांनी या नावाने हाक मारतेय, रागावू नकोस. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस "पाच मिनिटांत आलोच" म्हणून अर्ध्या तासाने उगवतो, याचं मला अजून हसू येतं. तुझ्या बहिणीने कळवलं की दुकान तेच आहे, लग्न केलं नाहीस आणि चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय. माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. माणूस चांगला होता, माझी कटकट हसून सोसली त्यांनी. आता तिकडचं सरकार पडलं, सरहद्द उघडली, पत्रं कोणी फोडून वाचत नाही. म्हणून मनातलं लिहितेय.

तो सिनेमा आठवतो तुला? हुकूमशाहीतून पळणारं जोडपं, मागे शिपाई आणि कुत्री, दोघं नदीत कंबरभर पाण्यात असताना अंगावर झोत पडतो आणि पडदा काळा होतो. आपण दोघं सरहद्दीपार पळून जायच्या तीन दिवस आधी तू तो पाहिलास. दुसऱ्या दिवशी दुकानात, डोळ्यावरचं भिंगसुद्धा न काढता म्हणालास, "शेवटी सापडतातच गं. आपणही सापडू." मी नुसतं "तुझी मर्जी" म्हटलं आणि ठरलेल्या दुपारी लाकडांच्या ट्रकमध्ये एकटीच चढले.

ते सापडत नाहीत रे. पुढची नऊ मिनिटं मी कापली होती. सिनेमे मंजूर करणाऱ्या त्या कचेरीत मी फिल्म कापते-जोडते एवढं तुला माहीत होतं, पण काय कापते ते घरीसुद्धा बोलायचं नाही, अशी आमची सही घेतलेली. साहेबांनी सांगितलं, "पळणारा सुटलेला दिसता कामा नये," आणि मी कात्री चालवली. तुकडा जाळायला देण्याआधी मात्र खिडकीच्या काचेला लावून एकेक चित्र पाहिलं. नखाएवढी चित्रं, आवाज नाही. बाई काठावर पोचते, तो मधेच थिजून उभा राहतो, ती वळते, तिचं तोंड सताड उघडं. मग तोही काठावर दिसतो. मला वाटलं, भीतीने किंचाळतेय बिचारी.

काल इथल्या थिएटरात तो सिनेमा पूर्ण दाखवला. दुपारचा खेळ, माझ्यासारखीच पिकली डोकी. ती नखाएवढी नदी पडदाभर पसरली आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. केवढं पाणी, काय त्याचा आवाज! एवढी मोठी नदी मी दोन बोटांत धरून कापली होती? आणि मग त्या बाईचा आवाज आला. ती किंचाळत नव्हती, पाचमिनिटे. ती त्याला हाक मारत होती. मी मोजल्या, अकरा हाका. शिपाई जवळ येतायत, पळाली असती तर सुटली असती, पण काठावरून हलेना. "ये! ये ना!" अकराव्या हाकेला त्याने पाऊल उचललं. मी हुंदके देऊन रडत होते. एवढं मोठं काही माझ्या हातातून गेलं आणि मला कळलंच नव्हतं.

मला शेवट माहीत होता. एका वाक्यात सांगता आला असता. सहीचं निमित्त होतं. खरं म्हणजे मला राग आला होता, एका सिनेमाला घाबरतो म्हणून. ट्रकवाल्याने विचारलंसुद्धा, "ताई, अजून पाच मिनिटं थांबायचं का?" मी म्हटलं, "नको, चला." ते "नको" मी कुणालाच कधी सांगितलं नाही. तेव्हा मारली नाही ती हाक आज या कागदावर मारतेय. येत्या रविवारी तीनला तो खेळ पुन्हा आहे. मी तिकीटखिडकीपाशी उभी असेन. ये. ये ना. तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही, मग सिनेमा सुरू झाला तरी चालेल. आपल्याला शेवटच तर बघायचाय.

तुझीच,
कात्री